नेदका काय म्हणाली?

कागद निघता निघत नव्हता. डोब्री राश्कोव्हनं कोमट पाण्याचं फडकं त्यावर दाबून धरलं, जरा वेळ थांबला आणि रंगाऱ्याच्या पातीनं कोपऱ्यापासून खरवडायला सुरुवात केली. गोंद त्यानंच लावला होता, पंधरवड्यापूर्वी, आणि कुठलंही काम कच्चं करायची त्याला सवय नव्हती. कोपरा सुटला, कडा सुटली आणि मग कागद मधोमध फाटला. नेदकाचा अर्धा चेहरा त्याच्या हातात आला, अर्धा फाटकावरच राहिला.

"काय करतोयस रे डोब्री?"

कुंपणापलीकडे शेजारच्या पेनाकाकू उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, हातात कोंबड्यांच्या दाण्याची परात.

"काही नाही काकू. पावसानं खराब झाला होता. नवा लावतो."

"अस्सं," काकू म्हणाल्या. त्यांनी एकदा वर आभाळाकडे पाहिलं. द्रियानोवो गावात महिनाभरात टिपूस पडला नव्हता. "लाव हो. चांगला फोटो दे या वेळी. त्या फोटोत ती रागावल्यासारखी दिसायची." आणि त्या कोंबड्यांकडे वळल्या.

डोब्रीचे कान तापले. त्यानं उरलेला कागद भराभर ओरबाडला आणि सगळे तुकडे पँटच्या खिशात कोंबले. कचऱ्याच्या डब्यात टाकायचं त्याच्या जिवावर आलं.

द्रियानोवोत माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापून घराच्या फाटकावर, विजेच्या खांबांवर, पावाच्या दुकानासमोरच्या फळ्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्ष झालं की पुन्हा. जुने कागद ऊनपावसात आपोआप विरतात. ते हातानं कुणी काढत नाही. वाऱ्यानं फडफडणारा एखादा दिसला तर परका माणूससुद्धा थांबून तो नीट चिकटवून पुढे जातो. आणि डोब्री आपल्याच बायकोचा, वर्षश्राद्धाचा, शाई अजून ताजी असलेला कागद खरवडून काढत होता. कारण दुपारी पाहुणे यायचे होते आणि त्या पाहुण्यांच्या लेखी नेदका जिवंत होती.

तो काही खोटारडा माणूस नव्हता. उभा जन्म त्यानं पालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करण्यात घालवला होता. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर नवराबायकोनं जुन्या ओपेल गाडीतून फिरायला सुरुवात केली. लांब नाही, शनिवारी निघायचं, रविवारी परत. एक मठ, एखादा धबधबा, कधी डॅन्यूबचा काठ. हे प्रवास लोकांना वाचायला देता येतात अशी एक साइट नेदकाला सापडली. कुठून निघालात, कुठं थांबलात, काय खाल्लंत, सगळं नकाशावर मांडायचं. दुसऱ्यांनी ते वाचून आपला बेत आखायचा. टंकायचं काम डोब्रीचं. तो लिहायचा तेही पंपाच्या नोंदवहीत लिहावं तसं: 'रस्ता बरा. गाडी लावायला जागा आहे. पायऱ्या पुष्कळ.' मग नेदका त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणायची, "खाली लिही, नेदका म्हणाली, हा किल्ला बांधणाऱ्या राजाला गुडघे नव्हते वाटतं."

लोक त्या शेवटच्या ओळीसाठी वाचायला लागले. धबधब्याच्या खाली असायचं: 'नेदका म्हणाली, डोब्री, कुणीतरी नळ उघडा टाकून गेलंय, बघ जरा.' बाल्चिकच्या समुद्राखाली: 'नेदका म्हणाली, सगळं छान आहे, पण बसायला कोरडी जागा ठेवली नाही.' कधी डोब्री ती ओळ विसरला तर कुठल्या कुठल्या गावांतून विचारणा यायची, "आणि नेदका काय म्हणाली?"

त्या साइटवर एक पान होतं. आमच्यात काय सुधारता येईल ते सुचवा, असं त्यावर लिहिलेलं असायचं. बाकीचे लोक लिहायचे की अक्षर मोठं करा, नकाशा गडद करा, मोबाइलवर पटकन उघडत नाही. नेदकाच्या सूचना वेगळ्या असायच्या. मठांना आणि चर्चना तारे देणं बंद करा, असं तिनं लिहायला लावलं. "देवाला तारे देणारे आपण कोण? त्याच्याकडे आहेत भरपूर." प्रत्येक सूचनेला एकच उत्तर यायचं: आपल्या सूचनेबद्दल आभार, आम्ही जरूर विचार करू.

"तू मागणी घालायला आलास तेव्हा आमच्या बाबांनी तुला हेच उत्तर दिलं होतं," नेदका म्हणाली होती.

"पुढं दिलीच की मुलगी."

"कुठं दिली? मी पळून आले."

तिची सगळ्यात लाडकी सूचना कॉफीची होती. ज्यांची घरं वाटेवर आहेत आणि ज्यांना माणसांचा कंटाळा नाही, त्यांच्या नावापुढे नकाशावर एक कप काढा. जाणाऱ्यानं आधी कळवावं, दार वाजवावं, कॉफी प्यावी, पुढं जावं. खाली कुणीतरी टोमणा मारला, 'म्हणजे चोरांना घर दाखवायचं?' नेदकानं लगेच उत्तर लिहायला लावलं, 'चोरालासुद्धा कॉफी लागते.' त्यावर पुष्कळ हसणं झालं, आणि साइटचं ते नेहमीचं उत्तर आलं.

मागच्या जूनमध्ये टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधता बांधता नेदका खाली बसली. दमली असेल म्हणून डोब्री पाणी आणायला गेला. तो परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

बेलोग्राद्चिकच्या खडकांचा त्यांचा शेवटचा प्रवास अर्धा लिहून पडला होता. चाळिसावा दिवस झाल्यावर डोब्रीनं संगणक उघडला. साइटवरून नाव काढून टाकायचं, एवढंच मनात होतं. पण तिथं प्रश्न येऊन पडला होता: 'नेदका काय म्हणाली?' ती काय म्हणाली होती ते त्याला आठवत होतं. खरंच म्हणाली होती, गाडीत बसताना. त्यानं ते लिहिलं. लिहिताना तिचा आवाज कानात आला, अगदी खांद्यामागून. त्या रात्री त्याला झोप लागली.

पुढचा प्रवास त्यानं एकट्यानं केला आणि नेदका काय म्हणाली असती ते लिहिलं. 'असती' हा शब्द तेवढा गळला. मग तो गळतच गेला. हिवाळ्यात डोंगरातल्या एका मठात त्याचे पाय गारठून लाकूड झाले, तेव्हा त्यानं लिहिलं: 'नेदकाचे पाय गारठले. म्हणाली, संतांच्या डोक्यामागे एवढं सोनं लावलंय, त्यातलं थोडं त्यांच्या सपातांना लावलं असतं तर!' लोक खूश झाले. स्तारा झागोरा गावच्या कालिना नावाच्या बाईनं विचारलं, नेदकामावशींच्या पायाचं माप काय? डोब्रीनं सदतीस म्हणून कळवलं आणि संगणक बंद केला. प्रत्येक वेळी वाटायचं, हा शेवटचा खोटेपणा. पुढच्या वेळी सांगून टाकू.

आणि मग या जूनमध्ये, नेदकाला वर्ष झालं त्याच आठवड्यात, साइटवाल्यांचं पत्र आलं. 'द्रियानोवोच्या डोब्री आणि नेदका यांनी सुचवल्याप्रमाणे आजपासून नकाशावर कॉफीचे कप सुरू करत आहोत. पहिला कप त्यांच्याच दारापुढे.' नकाशावर खरंच त्यांच्या गल्लीत इवलासा कप वाफाळत होता. खाली अभिनंदनांची रांग लागली, सगळी नेदकाच्या नावानं. दुसऱ्याच दिवशी कालिनानं लिहिलं, 'गुरुवारी आम्ही दोघं रूसेला चाललोय, वाट तुमच्यावरूनच आहे. नेदकामावशींच्या हातची कॉफी प्यायला येऊ का?'

खरं सांगायला एक ओळ पुरली असती. डोब्रीनं ती लिहिली. पुसली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. वर्षभर का सांगितलं नाही, हा पुढचा प्रश्न त्या ओळीमागे उभा होता. तिसऱ्या संध्याकाळी त्यानं लिहिलं, 'या. नेदकाला आनंद होईल.' पाठवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

फाटकावरचा कागद काढून झाला. कोपऱ्यावरच्या खांबावरचाही त्यानं काढला, इकडंतिकडं बघत, चोरासारखा. पावाच्या दुकानासमोरच्या फळ्याकडे मात्र त्याला जाता आलं नाही, तिथं सकाळपासून बायका उभ्या होत्या. पाहुण्यांना गिरणीकडच्या खालच्या रस्त्यानं यायला सांगितलं होतं, म्हणजे फळा वाटेत लागणार नव्हता.

घरात आल्यावर त्यानं कोनाड्यातला तिचा फोटो आणि मेणबत्ती कपाटात ठेवली. दारावरची काळी फीत काढली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण घर फारच एकट्या माणसाचं दिसत होतं. त्यानं तिचा एप्रन काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला. तिचा कप घेतला, त्यात थोडी कॉफी ओतली, ती फेकली आणि कप तसाच, तळाशी गाळ असलेला, मोरीत ठेवला. नुकतीच पिऊन उठून गेल्यासारखा. मग दारात उभं राहून, पाहुण्याच्या नजरेनं, सगळं नीट जमलंय का ते पाहिलं. जमलं होतं. इतकं जमलं होतं की क्षणभर त्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि पुढच्या क्षणी त्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

पाहुणे सांगितल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा आले. कालिना चाळिशीची, ठेंगणी, लाल नाकाची. नवरा त्रायचो उंच, खांदे पाडून चालणारा. फाटकाशी दोघंही जरा घुटमळले.

"या, या!" डोब्री मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "वाट सापडली ना?"

"सापडली, काका," त्रायचो म्हणाला. "जरा चुकलो. विचारत विचारत आलो."

"बसा. काय सांगू तुम्हाला, नेदकाला नेमकं कालच जावं लागलं. वार्नाला, बहिणीकडे. बहीण अचानक आजारी पडली. बस पकडून गेली. फार हळहळली हो, म्हणाली, मी सुचवलेली पहिली कॉफी आणि मीच नाही!"

कालिनानं मान खाली घातली. त्रायचोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोब्री बोलत राहिला. बस कशी उशिरा आली, नेदकानं ड्रायव्हरला काय सुनावलं, पिशवीत काय काय भरलं. बोलणं थांबलं तर काहीतरी सांडेल अशी त्याला भीती वाटत होती.

"तब्येत... बरी असते ना त्यांची?" कालिनानं विचारलं.

"नेदकाची? घोडी आहे घोडी! मला पोचवून मग जाईल."

त्रायचो हसला. पण उशिरा हसला, आणि बायकोकडे बघून हसला.

डोब्री कॉफी करायला आत गेला. कॉफीबरोबर द्यायला गोड काय, म्हणून त्यानं फळी पाहिली. पाकातल्या पांढऱ्या चेरींची बरणी तिथं होती. नेदकानं केलेली शेवटची बरणी. वर्षभर त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं होतं, झाकणाला हात लावायचा धीर झाला नव्हता. त्यानं ती उतरवली आणि झाकण फिरवलं. आज दिवसभरात एक तरी गोष्ट खरी असू दे, असं त्याला वाटलं.

छोट्या बशांत चेरी, बाजूला गार पाण्याचे पेले, कॉफी. "हे मात्र नेदकाच्या हातचं," तो म्हणाला. "प्रत्येक चेरीची बी तिनं केसांच्या आकड्यानं काढलेली. एकही फुटलेली सापडणार नाही."

कालिनानं एक चेरी तोंडात घातली. चावली नाही, तशीच धरून ठेवली. मग हळूहळू सगळी बशी संपवली, चमच्यानं पाक निपटून घेतला आणि बशी घेऊन उठली. "मी धुते."

"छे, छे! पाहुण्यांनी..."

"धुऊ द्या काका," त्रायचो म्हणाला. "तिला बरं वाटेल."

आतून नळाचा आवाज येत राहिला, दोन बशांना लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ. त्रायचो बाहेरच्या टोमॅटोकडे बघत होता. "रोपं छान आलीत," म्हणाला. "कुठलं वाण?" पुढं दोघं टोमॅटोवरच बोलले. कालिना बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. डोब्रीला वाटलं, कांदे चिरलेत की काय हिनं.

निघताना तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लोकरीच्या सपाता होत्या, लाल, टाचेला सोनेरी दोऱ्याची नक्षी. "संतांसारख्या," ती म्हणाली आणि त्या त्याच्या हातात दिल्या. "मावशींसाठी विणल्या होत्या. राहू द्या तुमच्याकडे."

"आली की देतो. नाचेल ती!"

यावर कालिनानं त्याला मिठी मारली. घट्ट, बराच वेळ, एक कप कॉफीसाठी कुणी मारत नाही तशी. त्रायचोनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "जेवत जा वेळेवर, काका," तो म्हणाला.

गाडी वळणापलीकडे गेली आणि डोब्री पायरीवर बसला. सुटलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात पेनाकाकू फाटक ढकलून आल्या, हातात झाकलेली थाळी.

"चीज घालून बानित्सा भाजली होती, म्हटलं पाहुणे आहेत. गेले वाटतं? भली माणसं हो!"

"तुम्ही कुठं पाहिलीत?"

"पावाच्या दुकानासमोर. नकाशानं त्यांना वरच्या रस्त्यानं आणलं. ती पोरगी फळ्यासमोर उभी होती, नेदकाच्या कागदापुढं. मला विचारलं, 'ही डोब्रीकाकांची नेदका का हो?' म्हटलं, तीच. वर्ष झालं बिचारीला. तर ती जी रडायला लागली! नवऱ्याला म्हणे, आता कसं जायचं, परत फिरू. मी म्हटलं, अगं परत कशाला? तो सकाळपासून अंगण झाडतोय तुमच्यासाठी. जा, त्याला बरं वाटेल."

बस. ड्रायव्हर. घोडी आहे घोडी. एकेक वाक्य परत येऊन त्याच्यासमोर उभं राहिलं, आणि प्रत्येक वाक्यापुढे त्या दोघांची खाली घातलेली मान. त्यांना सगळं माहीत होतं. मोरीतला तो गाळाचा कप तिनं पाहिला होता. तोही तिनं धुऊन, पुसून, पालथा घातला होता.

काकूंनी थाळी पायरीवर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकत त्याच्याशेजारी बसल्या. "आणि डोब्री," त्या हळूच म्हणाल्या, "पाऊस कुठं पडला होता रे?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकूंनी बानित्साचा एक तुकडा तोडून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, जसा लहान मुलाला देतात, आणि उठून घरी गेल्या.

ऊन उतरायच्या आत डोब्रीनं साइट उघडली आणि लिहिलं. नेदकाला जाऊन वर्ष झालं. बेलोग्राद्चिकनंतर तुम्ही जे जे वाचलंत ते तिचं नव्हतं, माझं होतं. तिच्या नावाचा मी गैरवापर केला. ज्यांना फसवलं त्यांची क्षमा मागतो. लिहून त्यानं पुन्हा वाचलंही नाही.

उत्तरं आली. पुष्कळांनी चांगलंच लिहिलं. ते वाचवेना. एकानं लिहिलं, 'मेलेल्या बायकोच्या जिवावर टाळ्या घेतल्यात.' ते त्यानं दोनदा वाचलं आणि त्याला पटलं. सगळ्यात जिव्हारी लागलं ते प्लेवेनच्या एका बाईचं: 'माझा नवरा इस्पितळात आहे. नेदका काय म्हणाली ते मी त्याला रोज वाचून दाखवते. आता उद्या काय वाचू?' कालिनाचं काहीच आलं नाही. चारपाच दिवसांनी एक ओळ आली: 'गार पडले होते ते पाय तुमचेच ना? माप कळवा.' त्यानं साइट बंद केली. लाज अशी होती की मायेच्या माणसासमोरच ती जास्त जाळायची.

त्यानं फाटकावर नवा कागद लावला. पावाच्या दुकानात तो मान खाली घालून जायचा. गावात कुणी काही बोललं नाही, पण रांगेत त्याला पुढं जागा द्यायला लागले, तेही त्याला सोसेना. नकाशावरचा तो कप पुसून टाकायचं त्यानं दोनदा ठरवलं. पण ती सूचना नेदकाची होती, त्याची नव्हती. ती त्याला पुसता येईना.

जुलैच्या सुरुवातीला सकाळी साइटवर एक निरोप आला आणि तासाभरात फाटकाशी मोटरसायकल थांबली. उतरला तो डोब्रीच्याच वयाचा, दाढीवर धूळ बसलेला पोलंडचा माणूस. त्यानं मोबाइलवरचा कप दाखवला आणि आपल्या छातीवर बोट ठेवलं. शाळेत शिकलेली मोडकीतोडकी रशियन दोघांनाही येत होती. तेवढ्यावर नाव समजलं, गाव समजलं, साखर किती तेही समजलं. पाहुणा द्राक्षांच्या मांडवाखाली बसला. हेल्मेट त्यानं टेबलाच्या पलीकडच्या, नेदका बसायची त्या खुर्चीवर ठेवलं.

डोब्री कॉफी घेऊन आला. पाहुण्यानं बागेकडे पाहिलं, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"घरात आणखी कोण?" त्यानं विचारलं. "बायको?"

डोब्रीनं कप खाली ठेवला. थोडी कॉफी बशीत सांडली.

"नाही," तो म्हणाला. "गेली. मागच्या वर्षी. मी एकटाच आहे."

वाक्य संपलं होतं. पुढं काही जोडायची गरज नव्हती. त्यानं फडक्यानं बशी पुसली.

पाहुण्यानं मोबाइल खिशात घातला. मग तो उठला, समोरच्या खुर्चीवरचं आपलं हेल्मेट उचललं, खाली गवतावर ठेवलं आणि परत जागेवर येऊन बसला. दोघं कॉफी पिऊ लागले.